खेळ बघायला नेणारा मास्टर

हनीफभाऊ गेले त्याला आता दोन वर्षं होतील. नागभीडच्या बसस्टँडकडून बाजाराकडे जाताना डाव्या हाताला त्यांचं शिलाईचं दुकान होतं. तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकलेली असतात. गावात त्यांची आठवण निघाली की लोक शाळेच्या गणवेशाबद्दल बोलतात. शिलाई पक्की, खिसा कधी उसवायचा नाही, पोरगं वाढलं तरी दोन इंच सोडायला कापड आत ठेवलेलं असायचं, असं. मला मात्र ते आठवतात ते धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमधून चालताना. पुढे ते, मागे रांगेनं नऊ-दहा लेकरं, प्रत्येकाच्या मनगटाला जर्सीच्या उरलेल्या कापडाची पट्टी बांधलेली, म्हणजे जत्रेत हरवलं तर ओळखू येईल. आणि सगळ्यांत शेवटी मी, हातात पाण्याची कॅन घेऊन. आम्ही कबड्डी बघायला निघालेलो असायचो.

मी तिथल्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे. मुलींचा संघ बाहेरगावी जायचा तर सोबत एक बाई हवी, म्हणून माझं नाव लागलं. खेळातलं मला काही कळत नव्हतं. चढाई कशाला म्हणतात, बोनस कधी मिळतो, हे मला हनीफभाऊंनी कापडावरच्या खडूनं दुकानाच्या फरशीवर आखून शिकवलं. उंच, वाळका माणूस. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात ठेवूनही ते सहज बोलायचे. समोरच्याला आधी मापात बघायचे, मग माणूस म्हणून. आमच्या मुख्याध्यापकांबद्दल एकदा मला म्हणाले, "सर छाती बेचाळीसची सांगतेत मॅडम. मी अडतीसचा शर्ट शिवून देतो. आजवर तक्रार नाई आली."

आमच्या संघाच्या जर्स्या तेच शिवत. त्यांची मुलगी नजमा संघात होती, दहावीत, आमची सगळ्यांत चांगली चढाई करणारी. हनीफभाऊ प्रत्येक सामन्याला हजर असायचे. आणि त्यांचा आवाज! गल्लीत कुणाला हाक मारली तर स्टेशनवर ऐकू जाईल असा. लोक कौतुकानं म्हणायचे, हनीफभाऊ आले म्हणजे आपले दोन खेळाडू जास्तीचे. शिंप्याला गावात मास्टर म्हणत; मुख्याध्यापकसुद्धा गाडी ठरवताना आधी विचारायचे, "मास्टर येणार ना?" ते पंचांवर ओरडायचे, समोरच्या संघावर ओरडायचे, त्यांच्या मागे सगळी गर्दी ओरडायची. आम्हाला ते चालायचं. खरं सांगायचं तर आवडायचं.

तो सामना राजुऱ्याला होता. जिल्ह्याची उपांत्य फेरी. समोर जिवतीच्या डोंगरातल्या एका आश्रमशाळेच्या मुली. लहानखुऱ्या, काटक, एकमेकींशी गोंडीत बोलणाऱ्या. आमच्या गाडीत हनीफभाऊंच्या शेजारची गुड्डीही आली होती. सात वर्षांची. गाडीत बसायला मिळतं म्हणून हट्टानं आलेली. ती त्यांच्या खांद्यावर बसून सामना बघत होती.

आश्रमशाळेच्या संघातली पाच नंबरची मुलगी घोटा धरण्यात तरबेज होती. तिनं नजमाला पहिल्या दहा मिनिटांत दोनदा खाली आणलं. हनीफभाऊंनी आधी पंचांना धरलं. "ओ पंच, डोळे घरी ठेवून आले का?" गर्दी हसली. मीही हसले. त्या पंचांच्या आईबापाचा उद्धार झाला तेव्हासुद्धा मी नुसती मान खाली घातली, उठले नाही. मग ते त्या पाच नंबरच्या मुलीवर घसरले. तिच्या रंगावरून सुरू झालं, मग ती जिथून आली त्या जंगलावरून, आणि शेवटी तिच्या आईवरून. ते शब्द मी इथे लिहीत नाही.

नजमा चढाईला गेली होती. तिचा दम चालू होता, कबड्डी कबड्डी कबड्डी, आणि ती त्या मुलीच्या समोर वाकून उभी होती. तेवढ्यात हनीफभाऊंच्या खांद्यावरून गुड्डीनं तीच शिवी दिली. त्याच सुरात, त्याच हेलात, टाळ्या वाजवत. तिला वाटलं, हे खेळातलंच काहीतरी म्हणायचं असतं. तिचा आवाज बारीक आणि स्वच्छ होता. सगळ्या गलक्यातून तो वेगळा ऐकू आला.

नजमाचा दम थांबला.

तिला कुणी धरलं नव्हतं, कुणी हात लावला नव्हता. ती नुसती सरळ उभी राहिली, समोरच्यांच्या अंगणात, तोंड मिटून. पंचांनी शिट्टी दिली, बाद. तरी ती लगेच बाहेर आली नाही. आधी पाच नंबरपाशी गेली, तिला काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. मग येऊन बाकावर बसली, बापाकडे पाठ करून, आणि गुडघ्याची पट्टी सोडायला लागली. खेळाच्या सरांनी पाच मिनिटं विनवण्या केल्या. ती एवढंच म्हणाली, "सर, मले नाई खेळाचं."

आम्ही हरलो. येताना गाडीत गुड्डी हनीफभाऊंच्या मांडीवर झोपली होती आणि त्यांचा हात तिच्या डोक्यावर होता. वाटेत मूल गावी चहाला थांबलो तेव्हा नजमा उतरली नाही, आणि म्हणून तेही उतरले नाहीत.

नजमा परत कधी खेळली नाही. भांडण असं काही झालं नाही. घरी ती बापाशी बोलायची, चहा करून द्यायची, दुकानात काज-बटणं करायला बसायची. फक्त कबड्डीचा विषय निघाला की उठून आत जायची. हनीफभाऊंनी त्या वर्षी जर्स्या शिवल्या, पण सामन्यांना आले नाहीत. लोकांनी चौकशी केली तर घसा बसला म्हणून सांगायचे.

पुढच्या हिवाळ्यात एक दिवस मधल्या सुट्टीत ते शाळेत आले.

"मॅडम, राजुऱ्याची स्कोअरशीट हाये का तुमच्याजवळ?"

"असेल. काय करता तिचं?"

"पाच नंबरच्या पोरीचं नाव पायजे."

कपाटात कागद सापडला. तिचं नाव मैना. त्यांनी ते खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि गेले. आठवडाभरानं मी ब्लाऊजचं कापड द्यायला दुकानात गेले तेव्हा त्यांनी मशीन थांबवून मला बसायला लावलं आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी तिच्यासाठी जर्सी-चड्डीचा एक जोड शिवला होता, निळा, पाठीवर पाच नंबर. माप डोळ्यानं घेतलेलं, वर्षापूर्वीचं. तीन बस बदलून ते आश्रमशाळेत पोचले. तिथल्या अधीक्षकांनी मुलीला बोलावलं.

"मले वाटलं होतं, मले पाहून ते रडन नाईतं थुंकन," ते म्हणाले. "मी सांगतलं, बेटा, मी राजुऱ्याले होतो. मी तुले बहुत वंगाळ बोललो, तुह्या आईवर बोललो. माफी मांगाले आलो. तं ते माह्याकडं पाहतच राह्यली. मंग का म्हणते मॅडम? म्हणते, तिथी तं सारेच वरडत होते. तुमी कोनते?"

त्यांनी गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली.

"वर्षभर मले वाटे का माहा चेहरा त्या पोरीच्या डोळ्यापुढून जात नसन. अन् तिले मी दिसलोच नोतो. मी माणूसच नोतो मॅडम. गर्दी होतो."

"आणि कपडे?"

"ते वीतभर वाढली ना! लहान बहिणीले होतीन म्हणे. ठेवून घेतले." मग म्हणाले, "चांगली पोरगी हाये. मले चहा पाजून धाडलं."

त्यानंतर महिनाभरात ते मुख्याध्यापकांपुढे उभे राहिले. पाचवी-सहावीची मुलं दर रविवारी आसपासच्या गावांत कबड्डीचे सामने बघायला न्यायची परवानगी मागत होते. धान निघालं की आमच्याकडे गावोगावी सामने भरतात. मंडप, माइक, भज्यांच्या गाड्या, सगळं असतं.

"बघायला काय शिकवायचं मास्टर? डोळे आहेत की मुलांना," मुख्याध्यापक म्हणाले.

"डोळ्याचं काई नाई सर. तोंडाचं शिकवा लागते."

सर हसले आणि हो म्हणाले, पण सोबत एक शिक्षिका पाहिजे अशी अट घातली. रविवार घालवायला कुणी तयार नव्हतं. राजुऱ्याच्या बाकावर मी बसून राहिले होते, हे माझ्या मनात होतं. मी तयार झाले.

मुलं त्यांना मास्टरभाऊ म्हणत. त्यांची पद्धत ठरलेली होती. सामना सुरू व्हायच्या आधी ते मुलांना घेऊन दोन्ही संघांकडे जायचे आणि खेळाडूंची नावं विचारायचे. दोन्हीकडची किमान दोन-दोन नावं पाठ झाल्याशिवाय खाली बसायचं नाही. "ज्याचं नाव माहीत असते ना, त्याले शिवी देताना जीभ अडकते," असं त्यांचं म्हणणं. मग कोपऱ्यात, जिथे कुठल्याच गावाचे लोक नसतील अशी जागा शोधून सतरंजी टाकायची. टाळ्या दोन्हीकडे. फुटाण्यांची पुडी मध्यंतरातच उघडायची. एका पोरानं एकदा विचारलं, आपल्या नागभीडचा संघ असला तरी समोरच्याला टाळ्या वाजवायच्या का? ते म्हणाले, "खेळ दोन टीमचा असते बाबू. एकाच टीमचा असन तं त्याले व्यायाम म्हणतेत."

हे सगळं फार सुंदर चालायचं असं कुणी समजू नये. मुलं कंटाळायची. निम्मी मध्येच आकाशपाळण्याकडे पळायची, आणि मनगटावरची पट्टी बघून लोक त्यांना परत आणून द्यायचे. खुद्द मास्टरभाऊंचं तोंडही त्यांच्या ताब्यात नव्हतं. सामना रंगला की त्यांच्या घशात काहीतरी वर यायला लागायचं. तेव्हा ते गळ्यातल्या टेपचं टोक दातांत धरायचे आणि चावत बसायचे. टेपचे पहिले दोन इंच पार चघळून गेले होते. दुकानात माप घ्यायचे ते तिसऱ्या इंचापासून, आणि मनात दोन वजा करायचे. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, या मास्टरला मोजता येत नाही.

तळोधीच्या वाटेवरच्या एका गावातली गोष्ट. आमच्या मागे पन्नाशीचा एक माणूस उभा होता, बऱ्यापैकी कपड्यांतला. आपल्या गावच्या खेळाडूची चढाई फसली की त्याला बहिणीवरून शिव्या द्यायचा. श्रुती नावाची पाचवीतली मुलगी बराच वेळ मागे वळून बघत होती.

"मास्टरभाऊ, त्याची बहीण कुठी हाये?"

"कोणाची बेटा?"

"तो खेळून राह्यला त्याची. ते तं इथी दिसूनच नाई राह्यली. मंग तिचं नाव काऊन घेऊन राह्यले ते काका?"

मास्टरभाऊंनी टेप दातांतून काढली. मग श्रुतीचा हात धरून त्या माणसापुढे गेले. मला वाटलं आता भांडण होणार. पण ते अगदी नम्रपणे म्हणाले, "भाऊ, हे लेकरू एक गोष्ट विचारून राह्यलं. मले उत्तर नाई येत. तुमी सांगता का?" आणि श्रुतीला म्हणाले, "विचार बेटा."

श्रुतीनं जसंच्या तसं विचारलं. आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. त्या माणसानं मुलीकडे बघितलं, मग मास्टरभाऊंकडे, मग मैदानाकडे. "जा न बाई, खेळ पाह्य," एवढं पुटपुटला आणि गप्प झाला. आमच्या मुलांना केवढा आनंद झाला! जिंकल्यासारखी बसली सगळी. पाव तासानं मैदानाच्या पलीकडच्या बाजूनं तोच आवाज यायला लागला. त्यानं जागा बदलली होती.

"जागा बदलली," मास्टरभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "तोंड नाई बदललं."

तरीही त्यानंतर तीन हिवाळे आम्ही गेलो. मुलं बदलत गेली, त्यांची रांग तेवढीच राहिली. मी कधी कधी थकून म्हणायचे, भाऊ, एक रविवार सोडू या. ते म्हणायचे, "तुमी राहा घरी मॅडम, मी जातो." पण माझ्याशिवाय परवानगी नव्हती, म्हणून मी जायचे.

चौथ्या वर्षी एका गावच्या अंतिम सामन्याला चार-पाच जवान पोरं पिकअपच्या टपावर उभी होती. दुपारचीच प्यालेली. त्यांच्या तोंडून जे येत होतं त्यानं आमची मुलं आधी हसली, मग दबली. मी मास्टरभाऊंना म्हटलं, चला, निघू या. ते म्हणाले, अर्धा सामना बाकी आहे. आणि उठून त्यांच्याकडे गेले, या वेळी एकटेच.

"भाऊ, लेकरं बसली हायेत खाली. जरासं दमानं घ्या."

एक जण खाली उतरला. "तू कोण बे? नाव का तुहं?"

मास्टरभाऊंनी नाव सांगितलं. ते ऐकल्यावर विषय कबड्डीचा राहिला नाही. कोणत्या गावाला निघून जा, कोणत्या देशात जा, ते सगळं झालं. मास्टरभाऊ म्हणाले, "मी नागभीडचा हावो बाबू, मी कुठी जाऊ?" त्यावर त्यानं त्यांच्या कानशिलात मारली. चष्मा उडाला. आयोजकांनी माइकवरून सांगितलं, कृपया शांतता राखावी, सामना सुरू आहे. दोन माणसांनी त्या पोराला बाजूला नेलं. मास्टरभाऊ वाकून चष्मा शोधत होते आणि आमची दहाच्या दहा मुलं मनगटाला पट्ट्या बांधून ते बघत होती. मी त्यांची तोंडं फिरवायला हवी होती. मला सुचलं नाही.

कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं होतं. आम्ही नागभीडला पोचायच्या आत ते पालकांच्या ग्रुपवर येऊन पडलं होतं. खाली काहींनी हळहळ लिहिली होती, काहींनी हसरे चेहरे टाकले होते.

सोमवारी पालक शाळेत आले. कुणी रागावलेलं नव्हतं. श्रुतीचा धाकटा भाऊ आता रांगेत होता; तिचे वडील तर मास्टरभाऊंच्या दुकानात जाऊन म्हणाले, "तुमचं बराबर हाये मास्टरभाऊ, एकदम बराबर. पण लेकरू माहं हाये." मास्टरभाऊंनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं. मला म्हणाले, "मी त्याच्या जागी असतो तं मीबी नसतं धाडलं."

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे मुलांचा घोळका दिसला. मी जवळ गेले. आमच्या रविवारच्या रांगेतलीच मुलं होती. एक जण टाकीच्या कठड्यावर उभा राहून शिव्या देत होता, दुसरा खाली हात जोडून 'भाऊ, लेकरं बसली हायेत' म्हणत होता, आणि मग पहिला उडी मारून त्याला चापट मारायचा. दुसरा चष्मा शोधायचा. सगळी हसत होती. मला बघून पांगली. मी त्यांना ओरडले नाही. माझ्यात तेवढा जोर उरला नव्हता.

हे मास्टरभाऊंना सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण दुकानात गेले तेव्हा तेच म्हणाले, "पोरं माही नक्कल करतेत म्हणे. दुकानापुढं बी खेळत होते काल." टाचण्या तोंडात होत्या, त्यामुळे हसले की नाही कळलं नाही. "माहा पार्ट जो करते ना मॅडम, तो चांगला करते. फक्त मी एवढा वाकत नाई."

मी म्हटलं, "भाऊ, एवढी वर्षं गेली. काय उपयोग झाला?"

त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून डबीत टाकल्या. "गुड्डीच्या तोंडून ऐकलं नसतं ना, तं मले कधीच कळलं नसतं का ते शिवी होती. माह्या तोंडात ते शिवी नोती. नुसता आवाज होता. आता एखाद्या पोराले, मोठा झाल्यावर, वरडता वरडता मधातच श्रुतीचा तो सवाल आठवला तं बस. नाई आठवला तं…" आणि पाय मारून त्यांनी मशीन सुरू केलं.

शाळेची परवानगी गेली. तरी ते जात राहिले. एखाद-दुसरं मूल सोबत असायचं, पुढे तेही नाही. मग एकटेच जायचे. नावं विचारायचे, कोपऱ्यात बसायचे. लोकांना त्यांची सवय झाली. कुणी चिडवायचं, कुणी चहा द्यायचं. दरम्यान साखरेनं त्यांचे डोळे अधू केले. सुईत दोरा ओवायला समोरच्या पानवाल्याला हाक मारायला लागले. नजमा नर्स झाली, गडचिरोलीला तिचं लग्न झालं, मुलगी झाली. ईदला यायची. दुकानात बसून बापाच्या पायाला मलम लावताना मी तिला पाहिली आहे. कबड्डीबद्दल दोघांत एक शब्द झाला असेल असं मला वाटत नाही.

माझी बदली कोरपन्याकडे झाली. जानेवारीत सामान बांधून झाल्यावर निरोप घ्यायला मी दुकानात गेले तर शटर खाली होतं. पानवाला म्हणाला, "मास्टर मॅच पाहाले गेले. लेक आली हाये, तिच्यासंग." मला वाटलं त्याची काहीतरी चूक होतेय. गाव चार-पाच किलोमीटरवर होतं. स्कूटी काढली.

दुपार कलली होती. महिलांचे खुले सामने होते, दूरदूरच्या मुली आलेल्या. मंडपाच्या कडेला सतरंजीवर हनीफभाऊ बसले होते, मांडीवर नातीला घेऊन. अलीना, सहा वर्षांची. शेजारी नजमा, हातात मुलीचं स्वेटर. मला बघून ती सरकली.

"हिनंच हट्ट धरला मॅडम," ती म्हणाली. "रोज टीव्हीवर पाह्यते. खरी दाखव म्हणे."

मी बसले. बदलीचं सांगितलं. हनीफभाऊ म्हणाले, "तिकडं शिवाले कोणी चांगला असन का?" मग आम्ही सामना बघत राहिलो. पंच एक तरुण मुलगी होती. तिनं एक निर्णय दिला आणि उजवीकडच्या गर्दीतून सुरुवात झाली. आधी तिच्या डोळ्यांवरून, मग तिच्या बाई असण्यावरून, मग पुढचं सगळं. एकानं सुरू केलं आणि बाकीच्यांनी उचललं. इतक्या वर्षांत त्यात एका शब्दाची भर पडली नव्हती की एक कमी झाला नव्हता.

हनीफभाऊंची बोटं नातीच्या खांद्यावर घट्ट झाली. मला वाटलं, आता उठतील आणि तिकडे जातील. ते उठले, पण तिकडे गेले नाहीत. नजमाकडे वाकून म्हणाले, "चाल बेटा, जाऊ घरी. हिच्या कानावर नको."

नजमानं त्यांच्याकडे बघितलं नाही. तिचं लक्ष चढाईला निघालेल्या मुलीवर होतं. कमरेतून किंचित पुढे झुकून ती बघत होती, एक पाय मागे दाबून, जणू तिलाच रेषा ओलांडायची होती.

"बसा अब्बा," ती म्हणाली. "किती जागा सोडाच्या?"

ते बसले. मांडी घालायला त्यांना वेळ लागला. अलीना परत त्यांच्या मांडीवर चढली.

मला अंधाराआधी परत पोचायचं होतं, सकाळी ट्रक येणार होता. मी उठले, दोघांचा निरोप घेतला, बांधावर लावलेल्या स्कूटीपाशी गेले. तिथून मागे बघितलं. गर्दीचा ओरडा वाढला होता. त्या गलक्यात नातीशी बोलायचं तर हनीफभाऊंना अगदी तिच्या कानाशी जावं लागत होतं. ते वाकून तिला काहीतरी समजावत होते, बहुतेक मधली रेषा कशाला असते ते. ती मान हलवत होती. मग तिनं मैदानाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. तेवढ्या लांबचं त्यांना दिसत नव्हतं. पण त्यांनी चष्मा सारखा केला आणि तिच्या बोटाच्या दिशेनं बघायला लागले.